हिरव्या जॉर्जेटची कादंबरी

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतात? माणसं किती, काम कुठं, पाणी किती लागतं. आमच्या घरमालकिणीला यातल्या कशातच रस नव्हता. ती आलेल्या माणसाला ओट्यावर बसवायची, चष्मा नाकावर नीट करायची आणि आवाज खाली आणून अहिराणीत विचारायची, “घरमा काही लपाडेल शे का?”

म्हणजे घरात काही लपवून ठेवलेलं आहे का. माझे वडील कापडाच्या लूमवर मास्तर, सरळ माणूस. त्यांना वाटलं, बाई चोरीच्या मालाबद्दल विचारतेय. ते म्हणाले, “नही व जिजी. जे शे ते समोर शे.”

“मंग खोली कसाले पाहिजे?” जिजी म्हणाली.

तरी तिने खोली दिली, पण नाराजीने. सुरतेतलं सगळं लिंबायत तिला जिजीच म्हणायचं, आम्हीही म्हणायला लागलो. एका ओळीत पाच खोल्या, समोर लांबच लांब ओटा आणि कडेला जिजीचं घर. बाकीच्या चारही खोल्यांमध्ये तिच्या मते काही ना काही होतं. कोणी घरातून पळून येऊन लग्न केलं होतं, कोणी भावाशी बोलत नव्हतं. फक्त आमच्या घरात काहीच नव्हतं. पण तिचा माझ्या वडिलांवर विश्वास बसला नव्हता. कोणीही साधं नसतं, ह्यांचं अजून बाहेर आलेलं नाही एवढंच, असं ती आईला तोंडावर सांगायची. आमची ट्रंक उघडी दिसली की ती सहज म्हणून आत डोकवायची, आणि स्वेटर बघून परत जायची.

हे सगळं कादंबऱ्यांमुळे. शिरपूरचा तिचा भाचा येताना रद्दीच्या दुकानातून पिशवीभर कादंबऱ्या आणायचा. सगळ्या एकाच जातीच्या. वर मोकळ्या केसांची बाई, तिच्या मागे पुरुषाची सावली, कधी पिस्तूल, कधी कुलूप. अशी चित्रं ओट्यावर कशी ठेवायची? म्हणून जिजी प्रत्येक पुस्तकाला साडीच्या तुकड्याचं कव्हर शिवायची. सुरतेत कापडाच्या तुकड्यांना काय तोटा. त्यामुळे त्या कादंबऱ्यांची खरी नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत. आम्ही म्हणायचो, ती जांभळ्या जरीची, ती फुलांच्या नायलॉनची. नायलॉनची फार चांगली होती. त्यात जावई भामटा निघतो.

दुपारी ओट्यावर बायका बसायच्या. शेठचा माणूस रिक्षातून साड्यांची पोटली टाकून जायचा. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात, ते छोट्या कात्रीने कापायचे. डोळे आणि हात गुंतलेले, कान मात्र मोकळे. त्या मोकळ्या कानांवर जिजीचं राज्य होतं. सकाळी ती दार लावून वाचायची आणि दुपारी ओट्यावर सांगायची. पुस्तक मांडीवर असायचं, पण त्यात बघायची नाही.

गोष्ट सुरुवातीपासून सांगणं तिला पसंत नव्हतं. सुरुवातीला नुसती हवा असते, कोण कुठं राहतं, ऊन पडलंय की ढग आलेत. मुद्दा असतो तो पुढे, असं तिचं मत. ती थेट भानगडीतच हात घालायची. “तर आपली ती,” असं म्हणून सुरू करायची. नायिकेला नाव नसायचं. ती कायम आपली ती. आपली ती कधी शिरपूरची असायची, कधी दोंडाईच्याची, कधी अमळनेरला नर्स असायची. नवरा मिलमध्ये, दीर साडीचा दलाल, सासऱ्याला तापीकाठी शेत. बायका हळहळायच्या. दोंडाईच्याची एक काकू तर म्हणाली होती की मला वाटतं, मी त्या घराला ओळखते.

सांगताना जिजीला जागा लागायची, आणि ती जागा म्हणजे आमचीच घरं. हे दार, ती मोरी, तो जिना. शोभाकाकू कोपऱ्याच्या खोलीत राहायच्या. त्यांच्या पाण्याच्या पिंपात एका कादंबरीभर एक प्रेत होतं. तेवढे दिवस शोभाकाकूंनी पिंपाचं पाणी प्यायलं नाही, बाहेरून हंडा आणला. पण प्रेत नेहमी दुष्टाचंच असायचं. आपली ती कितीही मोठ्या संकटात सापडली तरी मरायची नाही. विहिरीत उडी मारायची आणि दोराला धरून वर यायची. विषाचा पेला मांजर सांडायचं. त्या वेळी मला वाटायचं, कादंबऱ्या अशाच असतात.

रंगात आलं की कात्र्या थांबायच्या, नाहीतर भलतीकडे चालायच्या. जांभळ्या जरीच्या वेळी डॉक्टरने बंद खोली उघडली आणि एका काकूने साडीवरच्या मोराचा पिसारा मुळासकट कापून टाकला. शेठचा माणूस संध्याकाळी साडी उलटीसुलटी करून बघत राहिला. जिजीने त्याला चहा दिला आणि विचारलं, तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?

मोबाइलवर आता हव्या तेवढ्या मालिका बघता येतात. शोभाकाकूंनी एकदा तिला एक लावून दिली. जिजीने थोडा वेळ बघितली आणि फोन परत केला. म्हणाली, “यामा समदासना थोबाडं दिखतस. मंग गुपित काय ऱ्हायनं?”

माणसांना ती कादंबरीतल्यासारखंच वागवायची. गॅसचं सिलिंडर आणणारा खांद्यावरून सिलिंडर उतरवायचा आणि जिजी आम्हाला हळूच सांगायची, हा शेवटी पस्तावणार. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याकडे नीट बघून म्हणाली, याचं खरं नाव वेगळं असणार. माझ्या वडिलांना तर तिने सरळ सांगून टाकलं होतं की तुम्ही मुलीचे बाप, गोष्टीच्या दुसऱ्या भागात तुमच्या छातीत कळ येणार. वडील हसले. पण तेव्हापासून ओटा चढून आले की त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा. हे मी आणि आई बघायचो, आणि आईला जिजीचा राग यायचा.

मी मात्र तिच्यावर रागावू शकले नाही. एकदा पाऊस नाही, काम नाही अशा रिकाम्या दुपारी मी तिला विचारलं, जिजी, सगळ्यांना विचारतेस, तुझं काय लपवलेलं आहे ते सांग की. तिने चष्मा काढला. म्हणाली, “मनं काय ऱ्हाई? लगीन व्हयनं, सुरत उनी, खोल्या बांध्या. सरनी गोट.” म्हणजे संपली गोष्ट. आणि लगेच मला दूध तापवायला पाठवलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. एवढी गोष्टींची हौस असलेली बाई, आणि तिच्या वाट्याला एकही आली नव्हती.

माझं लग्न ठरायच्या वेळी हिरव्या जॉर्जेटची कादंबरी चालू होती.

मुलगा सुरतेतलाच, पर्वत पाटियाचा. साडीच्या दुकानात होलसेलचं काउंटर बघायचा. मूळ चोपड्याकडचे, आमच्याच समाजातले. बघायला आले तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला एक धागा लोंबत होता. मी पोहे पुढे केले आणि माझी नजर त्या धाग्यावर गेली ती निघेना. दिवसभर तेच काम, दुसरं काय होणार. माझा हात त्या धाग्याकडे थोडा सरकलाही. त्याने ते बघितलं, बाही मागे घेतली आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “नंतर कापा.” त्या ‘नंतर’वर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. मला तो मुलगा हवा होता. आईला ते कळलं होतं, वडिलांनाही कळलं असावं, कारण ते मुलाच्या दुकानावरून उगीच चक्कर मारून आले.

त्यांच्याकडून होकार आल्यासारखाच होता. फक्त आमच्यात एक पद्धत आहे. होकार देण्याआधी मुलाकडची एखादी बाई गुपचूप मुलीच्या वस्तीत येऊन चौकशी करून जाते. शेजारीपाजारी बसते, इकडचं तिकडचं बोलते, कोणाला पत्ता लागू देत नाही. मुलाच्या आईने आपल्या चुलत नणंदेला पाठवलं. ती आली, आणि ‘मी खोली दखाले उनी’ असं म्हणून नेमकी जिजीच्या ओट्यावर बसली.

जिजीने आपला प्रश्न विचारला. काही लपाडेल शे का?

बिचारी लपायलाच आलेली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पदराने घाम पुसला, नाही नाही म्हणाली. इतक्या वर्षांत हा प्रश्न ऐकून कोणी असं लाल झालं नव्हतं. जिजी हरखून गेली. आत येऊन आईच्या कानात म्हणाली, “हाई बाईकडे शे. मोठं शे.” मला चहा करायला लावला. बाईला उठू दिलं नाही. खोली रिकामी नव्हतीच, पण जिजीला त्याच्याशी काय करायचंय? तिचा असा हिशेब की आपण एक गुपित उघडं केलं की समोरची दुसरं करते. आणि तिने हिरवं जॉर्जेट मांडीवर घेतलं.

आता जिजीने त्या वेळी कोणतं घर घेतलं होतं? आमचं. बाकी सगळी वापरून झाली होती, आणि आमच्या घरात काही नाही याची तिला रुखरुख होती. तेव्हा तिनेच एक गुपित घातलं. ती बाई चहा पीत ऐकत होती आणि जिजी आमच्या दाराकडे बोट करून सांगत होती, “तर आपली ती दुपारले याच दारमाईन निंघे, रिक्षामा बठे, नि इच्छापोरले जाय. तठे कारखानामा तिना नवरा. लगीन करेल, पन कोनले सांगेल नही. बापले बी नही.” मग तो नवरा कारखान्यातून एक दिवस नाहीसा होतो. मेला म्हणावं तर प्रेत नाही. आणि इकडे मुलीला चांगलं स्थळ येतं, मुलगा भला, आणि ती काही न बोलता मान खाली घालून पोहे देते.

नेमकी त्याच वेळी मी चहाचा कप परत घ्यायला बाहेर आले. जिजीने माझ्या पाठीवर हात ठेवला. “हाई दख. हाईच आपली ती.” बायका हसल्या. मी पोहे आठवून लाजले आणि मान खाली घातली. पाहुणीने माझ्याकडे जे बघितलं ते मला आजही आठवतं. मला वाटलं, तिला चहा आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी पर्वत पाटियाहून वडिलांना फोन आला की आत्ता थोडं थांबू या. थांबू या म्हणजे काय हे मुलीच्या बापाला समजतं. मग मध्यस्थ आले, दार लावून घेतलं आणि खरं कारण सांगितलं. मुलीचं इच्छापोरला आधीच एक लग्न झालेलं आहे. कारखान्यातला माणूस, पुढे नाहीसा झालेला, प्रेतही मिळालेलं नाही. दुपारची रिक्षाने जायची. शेजारणींनीच सांगितलं आणि मुलीनेही मान खाली घातली.

वडील भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी हात छातीवर ठेवला. कळ आली नव्हती हे नंतर समजलं, पण त्या क्षणी आम्हाला काय माहीत. आई ओट्यावर धावली आणि रडत रडत जे ऐकलं ते सगळं सांगितलं. मी आत उभी होते. मला फक्त दिसत होतं की तो धागा आता दुसरीच कोणीतरी कापणार.

“थांब व,” शोभाकाकू म्हणाल्या. “रिक्षा? दुपारनी?”

“हो.”

“नि नवरा कारखानामा? नि प्रेत नही?”

“हो ना!”

“अव माय! हाई ते हिरवं जॉर्जेट शे!”

सगळ्या बायका जिजीकडे वळल्या. जिजी उघड्या दारातून माझ्या वडिलांकडे बघत होती, छातीवरच्या त्यांच्या हाताकडे. मी तिला इतकी घाबरलेली कधी बघितली नव्हती. शोभाकाकू म्हणाल्या, त्यात काय एवढं, जिजी, पुस्तक घे आणि चल पर्वत पाटियाला, दाखवू त्यांना. आई डोळे पुसून उठली. जिजी मात्र उठेना. माझे पाय दुखतात म्हणाली. पुस्तक भाच्याला परत द्यायचंय म्हणाली. पुस्तक तर तिच्या मांडीवरच होतं. वडिलांनी पाणी मागितलं, तेव्हा ती उठली आणि पायात चपला घातल्या.

पुढचं मी बघितलेलं नाही. मुलीने तिकडे जायचं नसतं. पण आई, शोभाकाकू आणि पुढे खुद्द माझ्या सासूबाई, तिघींनी हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितलाय की मी तिथेच होते असं वाटतं. सासूबाईंच्या सांगण्यात त्या स्वतः जराही घाबरल्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

पर्वत पाटियाला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. तिथेही साड्या पसरलेल्या, कारण काम सगळीकडे तेच. सासूबाई, ती चौकशीला आलेली नणंद आणि शेजारच्या दोघी लेस लावत बसल्या होत्या. आईने हात जोडून सांगितलं की तुमचा गैरसमज झालाय, ती कादंबरीतली गोष्ट होती. शोभाकाकूंनी जिजीच्या हातातलं पुस्तक घेऊन पुढे केलं.

आमच्या ओळीतल्या कोणी ते पुस्तक कधी वाचलं नव्हतं. बायकांना सवय नव्हती आणि मी गुजराती शाळेत शिकलेले. मराठी वाचायला घेतलं की पानाच्या शेवटी पोचेपर्यंत वरचं विसरायचे. सासूबाई मात्र चोपड्याच्या शाळेत शिकलेल्या. त्यांनी जॉर्जेटचं कव्हर काढलं, मोकळ्या केसांच्या बाईकडे नाक मुरडून बघितलं आणि वाचायला सुरुवात केली. एक पान वाचलं. मधलं वाचलं. मग शेवटचं.

“अठे त डोंगर शे,” त्या म्हणाल्या. “बंगला शे. घोडा शे. ही बाई त सरदारनी पोर शे. यामा इच्छापोर कोठे शे?”

शोभाकाकूंनी पुस्तक ओढून घेतलं आणि त्यांना जेवढं वाचता येत होतं तेवढ्यात शोधलं. ना लिंबायत, ना रिक्षा, ना कारखाना. आई म्हणते, ती खरी घाबरली ती तेव्हा. कारण आता आम्ही खोटारडेही ठरलो होतो.

शोभाकाकू जिजीकडे बघत राहिल्या. “जिजी, दोंडाईचा तरी व्हतं का?”

जिजीने पाणी मागितलं. सगळं प्यायली. भांडं खाली ठेवलं. “नही,” ती म्हणाली. “दोंडाईचा बी नही, शिरपूर बी नही. ते समदं मी घालं.”

“कसाले?” सासूबाईंनी विचारलं.

“बंगलामा आपलं कोन ऱ्हास, बाई? सरदारनी पोरसाठे ह्या बाया कसाले रडतीन?”

सासूबाईंना हे पटलं नाही. सोयरीक मोडायची नाही म्हणून म्हातारीने हे रचलंय असं त्यांना वाटलं, आणि तसं त्या म्हणाल्याही. एखादी बाई बसल्याबसल्या एवढं सगळं मनाने सांगेल, आणि ऐकणाऱ्याला खरं वाटेल, हे कसं शक्य आहे?

जिजी भिंतीला टेकून बसली. चष्मा नाकावर नीट केला. “काम चालू ठेवा,” म्हणाली. “तर पर्वत पाटियाले एक घर शे. दुसरा मजला. दारमा तुळस.”

बायकांनी सवयीने सुया उचलल्या.

त्या घरात एक बाई राहते. नवरा भला, एकुलता एक मुलगा, गल्लीत मान. घरात लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्याला कुलूप, किल्ली बाईच्या कमरेला. नवऱ्याला वाटतं, त्यात चादरी आहेत. सासूबाईंच्या मागे लोखंडी कपाट होतं, खालच्या कप्प्याला कुलूप होतं आणि किल्ली कमरेला. शेजारच्या दोघींनी कपाटाकडे बघितलं. जिजीचा आवाज खाली आला. मुलगा लहान असताना एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. बाईने दार उघडलं. बाहेर जो उभा होता त्याला ती मेलेला समजत होती. त्याने फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू तिच्या हातात दिली आणि म्हणाला, मुलाचं लग्न ठरेल त्या दिवशी उघड, त्याआधी उघडलंस तर मुलगा तुझा राहणार नाही. बाईने ती वस्तू कप्प्यात ठेवली. आणि आता मुलाचं लग्न ठरत आलंय, पण दर वेळी ही बाई काहीतरी खुसपट काढून स्थळ मोडते. का मोडते?

सुया थांबल्या होत्या. शेजारच्या दोघी आता कपाटाकडे नाही, सासूबाईंकडे बघत होत्या. आणि ती चौकशीवाली नणंद हळूच उठून चपला शोधत होती.

“तू कोठे चालनी?” सासूबाई ओरडल्या.

“कोठे नही. जरा खाले.”

“बठ! कोनले सांगाले चालनी तू? अव, चादरीच शेतस त्यामा!” त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि चादरी बाहेर फेकल्या. एकामागून एक. शेजारीण म्हणाली, “पन हाई सगळ्यात खालनी चादर घडी करेल कशी नही?” सासूबाई रडकुंडीला आल्या. “खोटं शे व हे समदं!”

“हो ना,” जिजी म्हणाली. “तशी ती इच्छापोरनी गोट बी खोटी.”

सासूबाई नणंदेकडे बघत राहिल्या. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. आपल्या घरात बातमी कशी आली ते त्यांना डोळ्यांनी दिसलं. त्या आईजवळ आल्या, आईचे हात धरले आणि म्हणाल्या, विहीणबाई, चूक झाली. आई सांगते की तेव्हा तीच रडली. सगळ्यांना चहा झाला. जिजी निघाली तशा सासूबाई तिच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या, मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हळूच विचारलं, “जिजी, पन त्या कप्पामा व्हतं काय?”

स्वतःच्या कपाटाबद्दल विचारत होत्या. चादरी अजून जमिनीवर पडलेल्या होत्या.

“लगीन व्हऊ दे,” जिजी म्हणाली. “मंग सांगसू.”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोटली सुटली होती, कात्र्या चालू होत्या, पण जिजी आपल्या दारात बसून होती आणि तिच्या मांडीवर पुस्तक नव्हतं. वडील बरे होते, कामावर गेले होते. माझं लग्न वाचलं होतं. पण जिजीचं एकुलतं एक लपवलेलं उघडं पडलं होतं आणि ती कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. बोलल्या त्या शोभाकाकूच.

“जिजी, मंग ती शिरपूरनी? विहीरमाईन दोर धरीसन वर येस, ती?”

“पुस्तकमा ती वर येस नही,” जिजी म्हणाली.

“आनि मांजर? विषवाली?”

“मांजर नही. ती पेस विष.”

“म्हंजे समद्या मरतस?”

“बठ्ठ्या. नही त येड्या व्हतस. पुस्तकवाला भलता निर्दयी.” जिजीने आता वर बघितलं. “तुम्ही दिनभर मान मोडीसन काम करतस. तुमले मढं दखाडू का मी? मी वाचाडी त्यासले, मरू दिधं नही.”

शोभाकाकूंनी कात्री खाली ठेवली. त्या दोंडाईच्याच्या काकू पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मग शोभाकाकू उठल्या, जिजीच्या घरात गेल्या आणि हाताला लागलं ते एक पुस्तक आणून तिच्या मांडीवर ठेवलं. पिवळी बांधणी होती. “हाई कोठली शे?” त्यांनी विचारलं. जिजीने पुस्तकावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हाई? हाई नंदुरबारनी.”

लग्नात जिजी मांडवात पहिल्या रांगेत होती. सगळं उरकल्यावर मी बाहीचा तो धागा कापला. तो शर्ट ह्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. सासूबाई हळदीपासून जिजीच्या मागे होत्या. जिजीने सांगितलं, पहिली दिवाळी होऊ दे. दिवाळीला म्हणाली, सुनेला दिवस जाऊ देत. मग म्हणाली, नातवाचं जावळ होऊ दे. दर वेळी ती थोडं पुढे सरकवायची. जिन्यावरचा माणूस कोण होता ते कळलं. त्याची एक बोट नसलेली मूठ कळली. कप्प्यातलं मात्र तिने काढलं नाही. सासूबाई दर सणाला मला घेऊन लिंबायतला जायच्या. लोकांना वाटायचं, सुनेच्या माहेरावर काय जीव आहे बाईचा.

मागच्या उन्हाळ्यात जिजी गेली. दुपारी, ओट्यावर, बायका काम करत असताना. त्यांना वाटलं, रंगात येण्याआधी थांबते तशी थांबलीय. बराच वेळ कोणी हाक मारली नाही. मला तिची आठवण येते तेव्हा हेच आधी आठवतं, आणि मग मी खूप रडते.

पुस्तकं भाच्याने मला दिली. हिरवं जॉर्जेट मी सावकाश, महिनाभर लावून वाचलं. आपली ती शेवटी कड्यावरून पडते. कपाट नाही, कप्पा नाही.

परवा दुपारी शेजारच्या दोघी लेस घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी त्या दिवशी फेकलेल्या चादरी पुन्हा त्या कप्प्यात कधी ठेवल्याच नाहीत. कप्पा तेव्हापासून रिकामा आहे, हे मला माहीत आहे, तरी कुलूप आहे आणि किल्ली कमरेला. शेजारणी कपाटाकडे बघतात ते त्यांना आवडतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बोलायला सुरुवात करायच्या, थांबायच्या. शेवटी किल्लीवर हात ठेवून म्हणाल्या, “तुले सांगं व्हई ना जिजीनी? त्या कप्पामा काय व्हतं?”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. नाही म्हणून सांगायला तोंड उघडलं होतं.

“सांगं ना तिनी,” मी म्हणाले. “पन पहिले कात्री ल्या हातमा.”

त्यांनी कात्री घेतली. शेजारणी जवळ सरकल्या. मी पाय दुमडून भिंतीला टेकले.

“तर आपली ती,” मी म्हणाले.